आकतोशचा वाडगा

लांडग्यांसाठी पेरलेलं विषारी मांस खाऊन वस्तीतली सगळी कुत्री मेली, एकटा आकतोश वाचला. माझ्या नवऱ्याची शीळ ऐकल्याशिवाय कशालाही तोंड लावायचं नाही, अशी त्याला शिस्त लावलेली. आता नवराच गेला, आणि दफनापासून आकतोश भरल्या वाडग्यापुढे तंबूबाहेर नुसता बसून होता. बरगड्या दिसायला लागल्या. दीर शीळ घालून थकले. "दादाने कुत्र्याला शाळेत घातलं, पण सुट्टी द्यायला विसरला," ते म्हणाले. गुरुवार होता, गेलेल्यांच्या नावाने तळण काढायचा वार. आत मी नवऱ्याच्या नावाने कढईत बोरसोक, कणकेचे छोटे तुकडे, तळत होते. तेलाच्या वासाने गेलेलं माणूस घरी येतं म्हणतात. माझ्या पाठीमागे शीळ वाजली. "भाऊजी, घरात शीळ घालू नका, अभद्र असतं," मी कढईवरून नजर न हटवता म्हटलं. "वहिनी," दीर बाहेरून हळूच म्हणाले, "आत कोण आहे?" दाराबाहेर आकतोशचा वाडगा खडखडत होता.