खिडकीजवळची खाट

हर्षाने पिशवीतून पेनासारखं यंत्र काढलं आणि समोर आलेल्या पाण्याच्या पेल्यात बुडवलं. आकडा स्थिरावेपर्यंत थांबली. क्षार ठीक होते. मग ती पाणी प्यायली.

हे वृद्धांचं घर चालवणारी रंजीता पदर तोंडाशी धरून हसली.

"काय झालं?" हर्षाने विचारलं.

"काई नाई ताई. लोक येते ते आधी संडास पाह्यते. तुम्ही पाणी पाह्यलं."

संडासही पाहायचा होताच. हर्षा राजुऱ्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची आणि कुठल्याही गोष्टीची खात्री केल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तिने न्हाणीच्या दाराची कडी बाहेरून उघडते का ते पाहिलं. भिंतीवरच्या दांड्याला लोंबून पाहिलं. फरशी सगळीकडे एकाच रंगाची होती, हे तिला आवडलं. मध्येच काळी फरशी आली की विसर पडणाऱ्या माणसांना तिथे खड्डा दिसतो, असं तिने वाचलं होतं.

आईला, गुणाबाईला, डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगून दोन वर्षं झाली होती. गॅस चालू राहायचा. मीठ दोनदा पडायचं. तरी हर्षाने निभावलं असतं. पण गेल्या महाशिवरात्रीला आई नाहीशी झाली आणि संध्याकाळी मार्कंड्याच्या जत्रेत सापडली. बसथांब्याजवळ शांत बसली होती. कुठे गेली होतीस विचारलं, तर नुसती हसली. पंच्याहत्तरी उलटल्यामुळे एसटी फुकट. जत्रेची गाडी दिसली आणि चढली असेल. जी बाई दर पौर्णिमेला विहारात जायची, देवळाची पायरी जन्मात चढली नव्हती, ती शिवरात्रीच्या जत्रेत. आई आता आपल्या हातात राहिली नाही, हे हर्षाला त्या दिवशी पटलं.

या घराचं नाव तिला साक्षीने, कॉलेजातल्या मैत्रिणीने, त्याआधी हिवाळ्यातच सांगितलं होतं. चामोर्शीच्या अलीकडे, मार्कंड्याला जाणाऱ्या रस्त्यालाच लागून. फोनवर हर्षाने पत्ता दोनदा मोठ्याने म्हणून घेतला होता. आई शेजारी तांदूळ निवडत होती, पण तिच्यासमोर आता काहीही बोलता यायचं.

आज मात्र हर्षा खोटं बोलून निघाली होती. प्रशिक्षण आहे, म्हणाली होती. आईने कसलं, कुठे, काही विचारलं नाही. "खिडकीपाशी बसजो," एवढंच म्हणाली. ते वाक्य बसमध्ये हर्षाला टोचत राहिलं. ज्या बाईने धानाची रोवणी करून आपल्याला शिकवलं, तिला न विचारता तिच्यासाठी खाट शोधायची.

व्हरांड्यात एक म्हातारे गृहस्थ बाकावर बसले होते. हर्षा शेजारी टेकायला गेली, तसे ते गुरकावले.

"तिथी रुमाल हाय, दिसत नाई काय? शिकलेली दिसतेस तर."

बाकावर खरंच एक रुमाल पसरलेला होता. हर्षा उभीच राहिली.

हे मुखरूभाऊ, असं रंजीताने आत नेताना सांगितलं. रुमाल त्यांनी बायकोसाठी टाकलेला. ती जाऊन वर्षं झाली, पण तिथे कोणी बसत नाही. इथली माणसं पोराबाळांची नावं विसरतात, जेवल्याचं विसरतात. पण एसटीत रुमाल टाकला की जागा त्याची, हे कोणी विसरलेलं नाही. हर्षाला याचं नवल वाटलं. कुठली आठवण आधी विरते आणि कुठली टिकते, याचा नियम कोणी शोधायला हवा होता.

बायकांच्या खोलीत दोनच खाटा रिकाम्या होत्या. एक भिंतीकडची. दुसरी खिडकीजवळ, तिथून सागाच्या झाडांमधून रस्ता दिसत होता. तेवढ्यात एक लाल गाडी गेली. आई घरी दिवसभर दारात बसून गाड्याच पाहायची. रस्ता दिसला नाही की तिची घालमेल व्हायची.

"ही खाट द्या," हर्षा म्हणाली.

"तिथी रुमाल हाय ताई."

उशीवर घडी घातलेला रुमाल होता. उन्हाने पिवळट झालेला.

"इथे कोण राहतं?"

"कोणी नाई. एक बाई टाकून गेली. एकटीच आली होती. सगळं फिरून पाह्यलं, या खाटीवर पडून पाह्यलं, अन् गेली."

"कधी?"

"थंडी सरता सरता."

"म्हणजे किती महिने झाले. ती आता यायची नाही, रंजीताताई. माझ्या आईला रस्ता दिसायला हवा. बाकी काही मागत नाही मी."

रंजीताने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. "मी नाई उचलत. तुम्हीच उचला."

हर्षाला उगाच अपराधी वाटलं. तरी ती पुढे झाली आणि तिने रुमाल उचलला. घडी उलगडली. कोपऱ्यात भरतकामाचा मोर होता. निळा दोरा संपला म्हणून शेपटीला लाल घातलेला. सातवीत असताना, शिवणाच्या तासाला, हर्षाने स्वतः घातलेला.

ती खाटेवर बसली. खिडकीबाहेर आणखी एक गाडी गेली.

"जत्रेच्या गाडीतून उतरली होती ती बाई," रंजीता दारातून हळूच म्हणाली. "जातानी सांगून गेली, माही पोरगी येईन, तिले सांगजा नोको मी आली होती म्हून. म्या म्हटलं, वळखू कशी? तं म्हणे, आल्या आल्या पाणी तपाशीन."