काशम्माचा डबा

"आजही खारट!" घास गिळता गिळता मालतीने जाहीर केलं आणि लगेच दुसरा घास घेतला.

शरच्चंद्र उशाशी स्टुलावर बसले होते. "फार खारट आहे का गं?"

"चाखून बघा ना. पण तुम्हाला काय, गोडच लागायचं. काशम्माच्या हातचं ना ते!"

त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. मालतीने मात्र डब्याला बोट फिरवून मऊ भात संपवला. आजारपणापासून फळं, पाव, बिस्किटं, कशालाच तोंड न लावणारी ही बाई समोरच्या घरातला डबा तेवढा चाटूनपुसून खात होती. कारण त्यात खोट काढायची होती. खोट सापडली की तिला औषधापेक्षा जास्त गुण यायचा.

शुक्रवार पेठेतल्या त्या बोळात दोन्ही दारं अगदी समोरासमोर. काशम्मा विधवा, तिचा मुलगा प्रभु परगावी नोकरीला. एकटा जीव, पण रांधायची चार माणसांचं आणि उरलेलं गल्लीत वाटायची. शाळेतून निवृत्त झाल्यावर शरच्चंद्रांनी एकदा म्हटलं, "काशम्माच्या हाताला चव आहे हो." मग पुन्हा म्हटलं. मग सवयच लागली. मालती वरवर हसायची आणि आतून जळायची.

गाडी घेऊन दोघं राजस्थानला निघाली, त्या सकाळी काशम्मा हाच डबा घेऊन दारात आली होती. कडक भाकऱ्या आणि शेंगांची चटणी.

"अक्का, वाटेत बाहेरचं खाऊ नका की. लई लांबचा प्रवास हाय."

शरच्चंद्रांनी वाटभर तेच खाल्लं. मालतीने हट्टाने ढाब्यावरचं पनीर मागवलं, तेही दोन्ही वेळा. उदयपूर येईपर्यंत उलट्या, जुलाब, ताप. पुढे सलाइन आणि दवाखान्याची खाट. शरच्चंद्र ठणठणीत राहिले, याचाही तिला रागच आला.

परतताना धुळ्याच्या अलीकडे त्यांचा फोन वाजला. मागच्या सीटवर आडवं पडल्या पडल्या मालतीने पडद्यावरचं नाव वाचलं. काशम्मा. शरच्चंद्रांनी गाडी कडेला घेतली, उतरून लांब गेले आणि बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. आले तेव्हा डोळे लाल होते.

"धूळ गेली," ते म्हणाले.

मालतीने तेव्हाच मनाशी खूणगाठ बांधली.

घरी आल्यावर पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "समोरची फिरकलीसुद्धा नाही का हो?"

शरच्चंद्र चाचरले. "येऊन गेली ना. तू झोपली होतीस. डबा... डबा देते म्हणालीय उद्यापासून."

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी ते डबा घेऊन समोर जायचे आणि भरून आणायचे. त्याला तासभर लागायचा. एवढासा डबा भरायला तास? परत येत तेव्हा सदऱ्याला लसणाच्या फोडणीचा वास असायचा. एकदा बोटाला चटका बसलेला दिसला. "इस्त्रीचा," म्हणाले. आणि भेटायला कोणी आलं की दारातूनच त्याची बोळवण. कोपऱ्यावरची रेश्मा शहाळं घेऊन आली, तर शहाळं आत आलं, रेश्मा बाहेरच.

"डॉक्टरांनी सांगितलंय, तुझ्या मनाला त्रास होता कामा नये."

तिला सगळं कळत होतं. गल्लीत काय चाललंय ते आपल्या कानावर येऊ नये, म्हणून ही धडपड. इतकी वर्षं संसार केला, आणि आता उतारवयात हा माणूस तिच्या अंथरुणाशेजारून उठून दुसरीच्या स्वयंपाकघरात रमत होता. रडू यायचं, पण रडायला अंगात ताकद नव्हती.

एक मात्र खरं, डबा तिने कधी रिकामा जाऊ दिला नाही. शेजारणीचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, मग पोटात कितीही आग पडो. मीठ-साखरेच्या पाण्यासाठी उशाशी ठेवलेल्या साखरेतली चमचाभर ती रोज डब्यात टाकायची.

"सांगा तिला, मालतीने पाठवलीय म्हणून."

शरच्चंद्र मान हलवायचे आणि तिच्याकडे न बघता बाहेर पडायचे.

मग एका सकाळी ती तोंड धुऊन आली तर डबा गेलेला. साखर न घेताच! एवढी घाई? मालतीने वाटीत साखर घेतली. निमित्त आयतंच हाती आलं होतं. दोघांना समोरासमोर उभं करून एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा.

भिंत धरत धरत ती उंबऱ्याबाहेर आली. रागानेच तिला बोळ ओलांडून नेलं. काशम्माच्या दाराबाहेर शरच्चंद्रांच्या चपला होत्या. दार नुसतं लोटलेलं. आतून फोडणीचा वास आणि त्यांचा आवाज येत होता. इतक्या मऊ आवाजात ते मालतीशी कधी बोलल्याचं तिला आठवेना.

"आज मीठ निम्मंच घातलंय, काशम्मा. आता तरी नावं ठेवणार नाही ती."

मालतीच्या अंगाचा भडका उडाला. घरात कधी स्वतःचा चहा करून घेतला नाही या माणसाने, आणि इथे हाताखाली राबतोय! वर दोघं मिळून आपल्याला हसतायत!

तिने दार ढकललं.

शरच्चंद्र हातात पळी घेऊन गॅसपुढे उभे होते. स्वयंपाकघरात दुसरं कोणीच नव्हतं. ते बोलत होते भिंतीवरच्या काशम्माच्या फोटोशी. फोटोला हार होता, आणि खाली तेवत्या समईजवळच्या ताटलीत मालतीने रोज पाठवलेली साखर तशीच साठली होती.