पत्ता तपासणारी ताई

शिबिरातल्या मुलांनी दुपारी घरी पोस्टकार्ड लिहायचं आणि केतकीताईने फक्त पत्ते तपासायचे, मजकूर वाचायचा नाही, असा नियम होता. पण सात वर्षांच्या जुईने पत्त्याच्या जागी ‘आई, आमचं घर’ एवढंच लिहिलेलं. पत्ता मागे सापडतोय का म्हणून केतकीने कार्ड उलटलं.

‘आई, इथल्या केतकीताईची कॉलेजची शेवटची परीक्षा झाली. पुढे काय करायचं तिला माहीत नाही, म्हणून तिचे बाबा फोनवर ओरडतात. पण मी रडले तेव्हा ती गप्प बस म्हणाली नाही. शेजारी बसून करवंदं खाऊ लागली. मग मीपण खाल्ली.’

जुई डोकावली. “चुकलं का गं, ताई?”

“पत्ता कुठाय, वेडाबाई? पोस्टमनकाकांना घर कसं सापडणार?”

केतकीने यादीतून पत्ता भरला आणि एक कोरं कार्ड घेतलं. बाबा महिनाअखेरीला तिचा बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरणार होते. ‘बाबा, फॉर्म भरू नका. मला मुलांना शिकवायचंय. ओरडायचं तर पत्रातून ओरडा.’

पत्ता लिहून तिने कार्ड जुईपुढे धरलं. “तपास बरं.”

जुईने अक्षरांवरून बोट फिरवत पत्ता वाचला.

“पोचेल.”