एमिलचं पाऊल

बर्नाडीन ह्रुस्कानं खुर्ची आणून फुटपाथच्या त्या लादीवरच मांडली आणि बसली. समोर फोडायचं यंत्र घरघरत होतं.

"चालव माझ्या अंगावरून," ती मुकादमाला म्हणाली. "ऐंशीची म्हातारी आहे, फार आवाज नाही करायची."

मुकादम रामिरोनं यंत्र बंद करायला लावलं. "बाई, लादी उचकटलीय. कुणी तरी अडखळून पडेल."

"पन्नास वर्षांत पडलं नाही. महापालिकेत खेटे घातले, तर तिथली पोरगी म्हणते, सिमेंटचं काय एवढं. हिला कुणी जन्म दिलाय की नाही?"

रोज सकाळी काठी टेकत ती आपल्या पिल्सन वस्तीच्या गल्ल्या फिरे. कुठं ओल्या सिमेंटात उमटलेले कुत्र्याचे पंजे, कुठं बाण मारलेला बदाम, कुठं उलटा पडलेला ठेकेदाराचा शिक्का. सगळं तिला तोंडपाठ. पण उन्हाळ्यापासून एकेक खूण फोडली जात होती आणि तिच्या जागी गुळगुळीत, मुक्या लाद्या बसत होत्या. तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

तिनं खुर्ची सरकवली, काठीनं पाला बाजूला केला. १९७४ चा शिक्का आणि शेजारी लहान मुलाचं अनवाणी डावं पाऊल.

"माझा एमिल. सात वर्षांचा होता, सगळ्या पोरांबरोबर ओल्या सिमेंटावरून धावला. पुढं ऐन तारुण्यात सरोवरात बुडाला. घरात फोटो आहेत, पण फोटोला हात लावला की काच लागते. इथं त्याची टाच लागते."

रामिरो वाकून बघतच राहिला.

"करंगळी नाही उमटली," मागून एक मजूर म्हणाला.

"उचलून चालायचा तो," बर्नाडीन फणकारली. "आईला शिकवतोस?"

मजूर खडी सारायला वळला.

"मी अख्खी कापून देतो," रामिरो म्हणाला. "पण बोभाटा करू नका."

ती जरा निवळली. "कुठला रे तू?"

"मागच्याच गल्लीतला. लहानपणीच इथून गेलो."

"मग एमिलबरोबर खेळला असशील."

"असेन. पोरं खूप होती, बाई."

दुपारपर्यंत त्यानं स्वतः करवत चालवली. दोघा मजुरांना घेऊन तुकडा तिच्या ओसरीवर आणला, पाण्यानं धुतला, फडक्यानं टिपला. बर्नाडीनला भरून आलं.

"आत ये. सूप गरम आहे. बूट काढ, सपाता देते."

"नको, बाई. बूट राहू देत."

"माझ्या घरात बूट घालून कुणी आलं नाही आणि उपाशी कुणी गेलं नाही. तुझे पाय काय सोन्याचे आहेत?"

"वास मारतात," तो हसला आणि पायऱ्या उतरून गेला.

तिला ते फार लागलं. काम चांगलं केलं म्हणून काय झालं, म्हातारीच्या घासाला नाही म्हणतो. ती धुमसत स्वयंपाकघरात गेली. पण राग धरवेना. तिनं डब्यात सूप भरलं आणि त्याला हाक मारायला खिडकी उघडली.

ट्रकच्या मागे तो एकटाच बसला होता. बुटात खडी गेली असावी. त्यानं डावा बूट काढून झटकला, मग मोजाही काढला.

तिनं डबा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. त्या पायाला करंगळी नव्हती.