पास झालेली जागा

"सर, तीनशे वर्षांत गुरुत्वाकर्षणाचे दोनच सिद्धांत?" शिवकन्यानं सकाळी वर्गात विचारलं होतं.

"सुचतात पोत्यानं," सर म्हणाले. "पण नव्यानं आधी जुन्यानं सोडवलेली सगळी उदाहरणं सोडवायची. एक चुकलं की नापास."

संध्याकाळी तिच्या घरच्या शेतात पाणाड्या रामलिंगमामा पाणी शोधत तळहातावर आडवा नारळ घेऊन फिरत होते. विहीर मार्चातच तळ गाठायची, म्हणून उद्या बोअरची गाडी येणार होती. बांधाजवळ नारळ उभा राहिला.

"खालचं पाणी वढतंय त्याला. इथंच घ्या बोअर," मामा म्हणाले.

शिवकन्याला राहवेना. "मामा, आधी आपल्या विहिरीच्या कडंनं फिरा की. तिथं तर पाणी दिसून राहिलंय."

मामांनी विहिरीला दोन फेऱ्या घातल्या. नारळ हातावर निवांत पडून राहिला.

"उघड्या पाण्याला वळखत न्हाई तो," मामा पुटपुटले.

तिचे वडील बालाजी मिशीत हसले. "मग तूच सांग शाणे, कुठं घेऊ?"

तिचं उत्तर तयारच होतं. "उंबराखाली. झाडाला पाणी बरोबर कळतंय."

"तू पाळण्यात होतीस तवा तिथंच घेतला होता बोअर. तीनशे फुटांवर नुसता फुफाटा निघाला."

मामा आता शिवकन्याकडं बघून हसत होते.

बालाजींनी बोअरवाल्याला फोन लावला. "उद्या गाडी आणू नका भाऊ. आमची अजून एकबी जागा पास झाली न्हाई."