तालमीतला चार नंबर

चार नंबरच्या माजी विद्यार्थिनीचा सत्कार थाटात पार पडला. मानपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं गेलं, टाळ्या पडल्या, फोटोही निघाला.

असं काही झालं नाही. विद्यापीठाच्या दप्तरात तशी नोंद नाही, तेव्हा आपणही झालं नाही असंच धरून चालू. झाली ती फक्त आदल्या दिवशीची रंगीत तालीम.

तालमीला सत्कारमूर्ती कधीच येत नाहीत. मोठी माणसं, त्यांना वेळ कुठला. त्यांच्या जागी हाताला लागेल तो बसतो. या वर्षी एक नंबरचे सर्जन म्हणून माळी बसला होता. दोन नंबरच्या न्यायाधीशांच्या जागी कॅन्टीनवाला होता आणि खुर्चीत बसल्यापासून त्याने कोणाशी बोलणंच सोडलं होतं. तीन नंबरला शिपाई. पाच नंबरला माणूसच उरला नव्हता, ती खुर्ची रिकामीच होती. प्रमुख पाहुण्या म्हणून झाडलोटीच्या मावशी. त्यांनी झाडू विंगेत उभा केला, हात पुसले आणि त्या प्रमुख झाल्या.

“काका, चार नंबरला तुम्हीच बसा,” मॅडम शेवटच्या रांगेतून माइकवर म्हणाल्या. मॅडम माजी विद्यार्थी कक्षाच्या, नव्याच आलेल्या. काका म्हणजे सभागृहाचे माइकवाले. एकतीस वर्षांत त्यांचं आडनाव पगारपत्रकाबाहेर कोणी वापरलं नव्हतं.

चार नंबर ही काकांची मुलगी. तान्ह्या बाळांचे कान तपासणारी डॉक्टर. गेल्या महिन्यात चार दिवसांच्या तापाने गेली. काकांनी रजेच्या अर्जात ‘घरगुती कारण’ लिहिलं आणि रजा मंजूर झाली. मग विद्यापीठाचं पत्र घरी आलं. नियम सात: सत्कारमूर्तीने व्यक्तिशः हजर राहणं बंधनकारक. प्रतिनिधी चालणार नाही. सबब नाव वगळण्यात आलं आहे. ते पत्र आत्ता काकांच्या शर्टाच्या खिशात होतं. पण निवेदकाच्या हातातली यादी जुनीच होती, हे त्यांनी माइक लावताना पाहिलं होतं. मॅडमच्या डोक्यात पाहुण्यांच्या गाडीचा घोळ चालू होता.

उठता उठता काकांनी मिक्सरवरचं मॅडमच्या माइकचं बटण खाली ओढलं आणि चार नंबरच्या खुर्चीत जाऊन बसले.

सर्जनचा सत्कार झाला. न्यायाधीशांचा झाला. शिपाई उगाचच दोनदा वाकला. मग निवेदकाने चौथं नाव घेतलं. काकांनी लावलेल्या आठही स्पीकरमधून ते आडनावासकट, स्वच्छ आलं.

मॅडम ताडकन उभ्या राहिल्या. माइकवर काहीतरी म्हणाल्या. ऐकू आलं नाही. मग दोन्ही हात जोरजोरात हलवू लागल्या. निवेदकाला वाटलं, मागे आवाज पोचत नाहीये. तो आणखी मोठ्याने वाचू लागला.

अकरा हजार बाळं तपासली. दर शनिवारी वसतिगृहातल्या मुलांचे कान फुकट. “आणि ‘विद्यापीठाची सेवा’ या रकान्यात त्यांनी स्वतः लिहिलंय,” निवेदकाला हसू आवरेना, “‘वयाच्या सातव्या वर्षापासून याच सभागृहात बाबांबरोबर वायरी गुंडाळल्या. मानधन: कार्यक्रमागणिक एक बिस्किटपुडा. तक्रार नाही.’”

काकांनी उजवा कान स्पीकरकडे वळवला. डावा कामातून गेल्याचं निदान तिनेच केलं होतं. “बाबा, डावा संपला. आईला त्या बाजूला बसवत जा.”

मावशी पुढे आल्या. सन्मानचिन्हाऐवजी त्यांच्या हातात रिकामी फाइल होती. बाकीच्यांना त्यांनी ‘अभिनंदन’ म्हणून पटापट उरकलं होतं. इथे त्यांनी फाइल दिली, पण सोडली नाही.

“ही ती बारकी ना? माझ्या बादलीत पाय घालून बसायची?”

“तीच.”

“मग टाळ्या वाजवा की रे मुडद्यांनो!” मावशी बाकीच्या सत्कारमूर्तींवर खेकसल्या. तिघांनी वाजवल्या. न्यायाधीश तर थांबायलाच तयार नव्हते. “कुठे असते हो आता?” मावशींनी विचारलं.

“बोलू नका, इकडे बघा,” फोटोग्राफर म्हणाला.

काकांनी इकडे बघितलं.

तोवर मॅडम धापा टाकत व्यासपीठापाशी पोचल्या. “अहो, थांबा! चार नंबर कट झालाय. त्या वारल्या ना. कोणी सांगितलं नाही का तुम्हाला?”

“सांगितलं होतं,” काका म्हणाले.

मावशींचा हात अजून फाइलवरच होता.

“मग? आणि माझा माइक कसा बंद पडला?”

“बघतो.”

“बघा. आणि ही खुर्ची उचला. पाच नंबर तीनला चिकटवा. उद्या मला मध्ये फट दिसायला नको.”

काकांनी खुर्ची स्वतः उचलून विंगेत नेली. मॅडमचा माइक सुरू केला. हॅलो, हॅलो म्हणून पाहिलं. मग त्याच खुर्चीत बसून यादीच्या पाठकोऱ्या बाजूवर एक अर्ज लिहिला आणि तो रिकाम्या फाइलला लावून आवक विभागात दिला. पोच घेतली.

‘मा. कुलसचिव यांस. विषय: नियम सात. महोदय, आजच्या तालमीत एकही सत्कारमूर्ती व्यक्तिशः हजर नव्हती. त्यामुळे चार नंबर आणि इतर यांच्यात फरक करता येत नाही. तरी आजची तालीम हाच मुख्य सोहळा धरून तशी दप्तरी नोंद घेण्यात यावी आणि उद्याचा कार्यक्रम ही तालीम समजण्यात यावी, ही नम्र विनंती. ध्वनिव्यवस्था दोन्ही दिवशी चालू राहील.’