अगदी तसाच रिमोट

बंकटनं चावी लावून दार उघडलं आणि गाडी किंचाळली. अख्खी गल्ली दणाणली. लिंबावरचे कावळे फडफडत उडाले. ओट्यावर गजगे खेळत बसलेली रुद्राणी कानांवर हात ठेवून खिदळायला लागली. तिच्या आईचा, कावेरीचा, मात्र चेहरा पांढराफटक पडला.

"बंद करा ओ! आदी बंद करा!"

"करतो, ताई. रिमोटबिगर उघडल्यावर बोंबलणारच ती." बंकट स्टिअरिंगखाली वाकला, आत हात घालून चाचपडला. आवाज थांबला, तरी कावेरीच्या कानात तो घुमतच राहिला.

सकाळी नवऱ्याची पँट भिजवताना तिचा खिसा तपासायचा राहिला होता. साबणाच्या पाण्यातून रिमोट हाताला लागला. पुसला, उन्हात ठेवला, दाबून दाबून पाहिला. गाडी मुकीच. अमरनाथ व्यापाऱ्यांबरोबर जीपनं लातूरला गेलेला, दुपारच्या एसटीनं परतणार होता. तिनं फाट्यावरच्या बूथवरून माजलगावला गाड्यांच्या दुकानात फोन लावला, तसा हा बंकट मोटारसायकलवर तेलगावला आला. सोबत जुन्या रिमोटांची पिशवी.

"सेकंडहँड घेतली ना ही मारुती? पयल्या मालकानं बसवलेला अलार्म हाय. आता ह्यो मिळत न्हाई. पिशवीतला एखादा जुळला तर जुळला."

"दिसायला पण तसाच पायजे."

"दिसण्याचं काय, ताई? गाडी उघडली म्हंजे झालं की."

"न्हाई. तसाच पायजे. अगदी तसाच."

बंकटनं मान वर करून पाहिलं. कावेरीनं पदर ओढून दंड झाकून घेतला. तो पुन्हा कामाला लागला.

पहिला रिमोट जुळला नाही. दुसरा दाबला तर गाडीनं पुन्हा बोंब ठोकली. रस्त्यानं चाललेली माणसं थबकली. पलीकडच्या भिंतीवरून शेजारच्या बायनाबाईचं डोकं वर आलं.

"काय गं, कावून वरडायली गाडी?"

कावेरी भिंतीपाशी धावली. "मावशी, पाया पडते. ह्यांच्यासमोर विषय काढू नका. गाडी वाजली म्हणून सांगू नका."

 बायनाबाई हळूच म्हणाली, "मला कुठं ऐकू येतं, लेकी? ह्या घरातलं मला आजवर काय तरी ऐकू आलंय का?" आणि तिचं डोकं भिंतीआड गेलं.

बंकटनं बॉनेट उघडून भोंग्याची वायर काढून ठेवली. आता नुसते दिवे लुकलुकत होते. तो एकेक रिमोट घेई, गाडीतलं अलार्मचं बटण दाबून धरी, वाट बघी, बाजूला टाकी. फाट्याकडं कुठल्यातरी गाडीचा हॉर्न वाजला. कावेरी फाटकापर्यंत गेली, रस्ता पाहून परत आली. उसाचा ट्रक होता.

"भाऊ, जुळंल का?"

"बगू की. घाई करून जुळत न्हाई."

शेवटी एक कळकट रिमोट दाबला आणि दारांची बटणं खटकन वर आली. कावेरीनं डोळे मिटून हात जोडले. पण डोळे उघडून पाहते तो, रिमोट लाल. त्यांचा काळा होता.

ती काही बोलायच्या आत बंकटनं दोन्ही रिमोट खोलले. लालातली सर्किटची पट्टी काढली, काळ्यात बसवून पाहिली. बसेना. कानशीनं पट्टीचा कोपरा घासला, पुन्हा बसवली. टोपण दाबून बंद केलं, बोटानं धूळ पुसली, अमरनाथची पितळी नंदीची किल्लीसाखळी अडकवली आणि रिमोट तिच्या हातावर ठेवला.

ती उलटसुलट करून पाहत राहिली. कडा पाहिल्या, बटणावरचा झिजलेला रंग पाहिला.

"कळंल का हो?"

"देवाला बी कळायचं न्हाई."

बंकटनं भोंग्याची वायर परत जोडली. "दाबा आता. एकदा तुमच्या हातानं बगा."

कावेरीनं बटण दाबलं. दारं बंद झाली आणि गाडी बारीक आवाजात दोनदा बोलली. टिव, टिव.

ओट्यावरचे गजगे सांडले. रुद्राणीनं ते गोळाही केले नाहीत. ती उठली, फ्रॉकनं नाक पुसलं आणि आवाज न करता आत पळाली. मधल्या खोलीतल्या पलंगाखाली तिचे पाय सरकत जाताना उघड्या दारातून दोघांनाही दिसले.

कावेरी आत जाऊन वाकली. "पप्पा न्हाईत गं. आपणच वाजवलं. ये बाहेर."

पलंगाखालचे पाय आणखी आत सरकले. कावेरी उठून बाहेर आली.

बंकट स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन उभा होता. गाडीकडं बघतच तो म्हणाला, "ताई, ही टिवटिव बंद करता येती. एक वायर काढली की झालं. गाडी मुकाट्यानं बंद व्हईल."

कावेरीनं घाईघाईनं मान हलवली.

"नको, भाऊ. ऱ्हाऊ द्या. आमाला तेवढंच आदी कळतं."

बंकटनं बॉनेट पुन्हा वर केलं. भोंगा आत, इंजिनाकडं तोंड करून बसवलेला होता. त्यानं स्क्रू ढिला केला, भोंग्याचं तोंड घराच्या बाजूला फिरवलं आणि स्क्रू पुन्हा घट्ट आवळला.